अंगावरून जातं का?

पार्लरच्या खुर्चीत बसलं की बाया बोलतात. भुवयांना दोरा लावला की डोळे मिटतात, अन् डोळे मिटले की तोंड उघडतं. नवऱ्याचं, सासूचं, जावेच्या नव्या फ्रिजचं, सगळं ऐकून झालंय माझं. पण एक गोष्ट अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. आवाज खाली येतो, आरशातून दाराकडं एक नजर जाते अन् मग, "ताई, मला ना जरा तसलं होतंय."

तसलं! अगं बाई, त्याला नाव आहे की नाही काही?

औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं छोटं पार्लर आहे. शबाना अन् मी, आम्ही दोघीच चालवतो. हे लिहायचं तिच्याच डोक्यातून निघालं. परवा एका गिऱ्हाइकाला मी माझी सगळी कथा सांगत होते, तर ही मागून म्हणते, "बाजी, हर एक कू खड़े-खड़े पूरी कहानी सुनाते तुम. गला बैठ जारा. एक बार लिख कू रख देव ना." म्हणून लिहायला बसलेय. पायाशी माझी लेक मैत्री कापसाचा गठ्ठा सोडून त्याचा ढग करतेय, करू दे.

मी डॉक्टर नाही. बारावी अन् पार्लरचा कोर्स, एवढंच शिक्षण. तेव्हा यातलं काही समजलं नाही तर तुमच्या डॉक्टरला विचारा, मला नका विचारू. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार आहे.

पहिलं

मैत्रीच्या आधी एक होतं. पाचवा महिना सरत आला होता. लग्नसराई होती, दिवसभर उभं राहून कंबर धरली असेल असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत पोटात कळा सुरू झाल्या अन् दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सिस्टरनं कपड्यात गुंडाळून दाखवलं. हाताची बोटं होती, नखं सुद्धा होती. मी एवढंच बघितलं.

का झालं, ते कुणी सांगितलं नाही. "होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी बघू," असं म्हणाले अन् घरी पाठवलं. शेजारच्या बाया आल्या, कुणी नजर लागली म्हणालं, कुणी म्हणालं उभ्यानं काम केलंस म्हणून. माझा नवरा मिलिंद वाळूजला कंपनीत आहे. मुळात तो बोलका माणूस, पण त्यानंतर महिनाभर घरात फक्त टीव्ही बोलायचा. मला रडायला यायचं अन् त्याला बघून रडता यायचं नाही. आपण रडलो तर हा मोडेल असं वाटायचं. तो म्हणे माझ्याबद्दल हेच समजत होता. दोघंही कोरडेच राहिलो.

मॅडम

पुन्हा दिवस गेले तेव्हा मी दवाखाना बदलला. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, एक मॅडम आहेत, तोंडानं फटकळ आहेत पण हात चांगला आहे. मला फटकळ बायकांची भीती वाटत नाही, मी स्वतःच तशी आहे.

मॅडमनी आधीचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "अंगावरून काही जातं का?"

"नाही मॅडम."

"खाज? वास?"

"वास कसा येईल मॅडम, मी दोनदा धुते ना."

"काय धुता?"

"तेच. आतून."

"कशानं?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आमचं पार्लरचं काम, कात्र्या, कंगवे, सगळं जंतुनाशकात बुडवून ठेवायचं असतं. तीच बाटली घरी पण असते. झाकणभर औषध कोमट पाण्यात टाकायचं अन् सकाळ-संध्याकाळ आतून धुवायचं. लग्नाच्या आधी तुरटीचं पाणी होतं, ती सवय माझ्या मायनं लावलेली. मी फक्त तुरटीच्या जागी बाटली आणली, म्हणजे जरा सुधारणा केली, असं माझं म्हणणं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मला तपासायला टेबलावर घेतलं, अन् तिथून त्यांचा आवाज आला, "संगीता, तुम्ही मला म्हणालात अंगावरून काही जात नाही?"

"नाही जात मॅडम. लाल कुठंय?"

"अन् पांढरं?"

"पांढरं तर जाणारच की. बाई म्हटल्यावर ते असतंच."

मॅडम स्टुलावर बसल्या अन् कपाळाला हात लावला. आधीच्या दवाखान्यातही मला हाच प्रश्न विचारला होता. तिथंही मी "नाही" म्हणाले होते, अन् खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात 'अंगावरून जाणं' म्हणजे रक्त जाणं. पांढऱ्याला आमच्याकडं शब्दच नव्हता. जे रोजचंच आहे अन् लाजेचं आहे, त्याला नाव कशाला ठेवायचं? त्यांनी एक विचारलं, मी दुसरंच ऐकलं, अन् कुणालाच कळलं नाही.

तपासणीसाठी नमुना घेतला. रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडमनी मला समोर बसवून विचारलं, "दही घरी लावता?"

"हो."

"विरजणात कुणी फिनेल टाकतं का?"

"शी!"

"तेच करताय तुम्ही इतकी वर्षं."

मग त्यांनी मला कळेल असं सांगितलं. बाईच्या अंगात आतल्या बाजूला दह्यासारखंच एक विरजण असतं, चांगल्या जंतूंचं. ते तिथं आंबटपणा धरून ठेवतं, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. मी ते रोज धुऊन काढत होते. "अन् औरंगपुऱ्यात जागा रिकामी दिसली की कुणीतरी हातगाडी लावतंच ना? तसं झालंय. भलत्यांनी हातगाड्या लावल्यात." वास येतो म्हणून मी आणखी धुवायचे, धुतलं की विरजण आणखी जायचं, अन् मग वास आणखी. जळजळ झाली की मेडिकलवाल्याकडून मनानंच गोळ्या आणून खायचे, त्यांनी उरलंसुरलं पण गेलं.

"हे जंतू कधीकधी वर चढतात, बाळाच्या पिशवीपर्यंत. मग काही बायांचं वेळेआधी होतं."

मी विचारलं, "म्हणजे पहिलं माझ्यामुळं गेलं?"

मॅडम इतका वेळ फटाफट बोलत होत्या, त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. शंभर कारणं असतात. हेच असलेल्या कितीतरी बाया नऊ महिने पूर्ण करतात. अन् तुम्ही स्वच्छ राहायला गेलात, यात गुन्हा कसला? आता कळलंय, तर आता औषध करू. त्यानं सगळं ठीक होईलच असा शब्द नाही देत मी. पण आपल्या हातात आहे ते करू."

शब्द देत नाही म्हणाल्या, त्याचाच मला आधार वाटला. आधी सगळे नुसते "काही होत नाही" म्हणायचे.

निघताना त्या आणखी एक बोलल्या. आईचं हे विरजण बाळाला पण लागतं. जन्मताना, आईच्या अंगाला अंग लागून, दुधातून. त्यावर त्याचं पोट बसतं, त्याची ताकद बसते. म्हणजे मी माझं एकटीचं धूत नव्हते, त्याचंही धूत होते.

खाली मिलिंद गाडी घेऊन उभा होता. माझं तोंड बघून घाबरला. "काय म्हणाल्या?"

"विरजण गेलंय माझं," मी म्हणाले अन् भोकाड पसरलं.

तो बिचारा गोंधळून म्हणतो, "मग रडती काय? डेअरीतून आणतो ना."

भर रस्त्यात मी रडता रडता हसायला लागले. हसता हसता परत रडले, तर या वेळी तो पण रडला. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. पहिलं गेल्यापासून आम्ही एकमेकांसमोर रडलो ते त्या दिवशी.

माय

घरी आल्या आल्या मी माहेरी, पिशोरला फोन लावला अन् मायला नाही नाही ते बोलले. "तूच शिकवलंस! वयात आले तेव्हापासून तुरटी, तुरटी, तुरटी! बघ काय करून बसलीस!" दुसऱ्या दिवशी माय कन्नडच्या बसनं दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी अन् भाकरी. मला आणखी राग आला. माणसानं भांडायचं ठरवलेलं असताना समोरच्यानं भाकरी काढली की काय करायचं?

भाकरी ताटात ठेवून ती म्हणाली, "बोल, राह्यलं असंल तर बोल."

"कशाला लावलीस ती सवय? कुणी सांगितलं होतं तुला?"

ताटात चटणी वाढत माय म्हणाली, "तुझ्या आजीला गावात वरून पाणी वाढायचे, ठाव हाय ना तुला. दीक्षा घेतली, तिथून आपल्यात सगळं बदललं. घरं सारवली, कपडे धुतले, पोरं शाळंत गेली. तरी मी खुरपायला जायचे ना, त्या मालकिणीच्या बाजूनं गेलं की ती नाकाला पदर लावायची. मी दोनदा आंघोळ करून जायचे संगीता, तरी लावायची. तव्हाच ठरवलं, माझ्या लेकीजवळून जाताना कुणी नाकाला पदर लावणार नाय. म्हणून धुतलं. मला काय ठाव, आत धुवायचं नसतं म्हणून."

शाळेत माझ्या रिबिनी सगळ्यात पांढऱ्या असायच्या, माझ्या वह्यांना सगळ्यात आधी कव्हर लागायचं, ते कशापायी होतं ते मला त्या दिवशी कळलं. पण खरं सांगते, राग लगेच नाही गेला. माणूस काही पुस्तकासारखा पान उलटत नाही. दोन-चार दिवस मी तिच्याशी तुटक बोलत राहिले अन् ती गप भांडी घासत राहिली. मिलिंद मध्ये सापडलेला, आमच्या दोघींचा चहा तोच करायचा.

मग मॅडमच्या पुढच्या तपासणीला मी तिलाही ओढत नेलं. तिचं तर कित्येक वर्षांचं निघालं. कंबर दुखते, आग होते, सगळं ती अंगावर काढत आली होती. "सांगायचं कुणाला?" म्हणाली. मॅडमनी तिलाही गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर मायलेकी एकाच बाटलीतलं पाणी पिऊन गोळ्या गिळत बसलो, तेव्हा कुठं माझा राग उतरला.

न धुता

गोळ्या खाणं सोपं होतं, न धुणं अवघड. नुसतं वरून साधं पाणी, बास, असा मॅडमचा हुकूम. पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं की आपल्याला वास येतोय. दोरा लावताना मी गिऱ्हाइकापासून लांब उभी राहायचे, मग भुवई वाकडी व्हायची. एक दिवस शबानानं माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं, वाकून माझा वास घेतला, सरळ कुत्र्यासारखा, अन् म्हणाली, "कुछ बी नहीं आरा बाजी. सिर्फ मेहंदी की बास आरी. कायकू इत्ता दूर खड़े रैते? भौं टेढ़ी हो जारी लोगां की!"

तिचे उपकार मी कुठं फेडू? लोक म्हणतात मैत्रीण सुखदुःखात पाहिजे. मी म्हणते, जवळ येऊन वास घेणारी पाहिजे.

मिलिंदनं डेअरीचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी येताना शहागंजातून दही. दही, ताक, कढी, परत दही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "चांगलंच आहे, खा. पण ताक म्हणजे औषध नव्हे. गोळ्या सोडून ताकावर बसाल तर बघा." मला शेवटी शेवटी दह्याचं भांडं बघून मळमळायचं, पण तो इतक्या भक्तिभावानं आणायचा की खायचे. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं ना.

भीतीचं काय सांगू. बाथरूमला गेलं की आधी बघायचं. पोटात हललं की जीवात जीव, अन् नाही हललं की डावीकडं वळून झोपायचं अन् वाट बघायची. पाचवा महिना सरला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण मिलिंद इमरती घेऊन आला अन् बाळंतपणासाठी आमच्याकडंच राहिलेल्या मायनं निमित्त न विचारता खाल्ली. डोहाळजेवणाला मात्र ती नको म्हणाली. "आधी लेकरू हातात येऊ दे, मग जेवणंच जेवणं."

एक भुवई

आठवा नुकताच लागला होता. दुपारी एक नवरी मुलगी खुर्चीत होती, तिची एक भुवई झाली होती, दुसरीला दोरा लावला अन् माझ्या पायावरून कोमट पाणी आलं. मी खाली बघितलं. शबानानं खाली बघितलं. नवरीनं आरशात आमची तोंडं बघितली.

"चलो," शबाना म्हणाली, एवढंच. नवरीला तशीच सोडून तिनं मला जिन्यावरून उतरवलं, रिक्षावाल्याला म्हणाली, "भाई, उड़ा मत, मगर रुक बी मत." वाटेत मी एकच घोकत होते, थांब बाळा, थांब बाळा.

मॅडम आल्या. म्हणाल्या, "अजून थोडे दिवस मिळायला पाहिजे होते. पण मागच्यापेक्षा आपण लई पुढं आलोय, हे लक्षात ठेवा. या वेळचं बाळ हातात येण्यासारखं आहे." बाळाच्या छातीसाठी इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तसं ऑपरेशन ठरलं. टेबलावर कमरेखालचं सगळं बधिर झालं, अन् मला अचानक आठवलं. मी म्हणाले, "मॅडम, पोटातून काढणार, मग त्याला विरजण कसं लागणार?"

मास्कमधून त्या हसल्या, डोळ्यांवरून कळलं. "अहो, आधी बाहेर तर येऊ द्या. अजून दोन वाटा आहेत. दूध आहे, अन् अंग आहे. गप पडा आता."

मुलगी झाली. रडली, म्हणजे मांजरीचं पिल्लू बोलतं तेवढी. मला नीट दाखवली पण नाही, घेऊन पळाले.

घंटी

ती काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला तारा. तिच्या सगळ्या देहाला कातडी जरा मोठीच झाली होती. डॉक्टर म्हणाले बाकी बरंय, पण अशी लवकर आलेली लेकरं श्वास घ्यायला विसरतात. विसरतात! मला ते आधी समजलंच नाही. श्वास कुणी विसरतं का? मग समोरच बघितलं. तिची छाती हलायची थांबली, मशिनची घंटी वाजायला लागली, सिस्टरनं आत हात घालून तिच्या तळव्याला टिचकी मारली. पोरगी दचकली अन् परत श्वास घेतला. सिस्टर मला म्हणाल्या, "आठवण करून द्यावी लागते ताई. मोठी झाली की विसरणार नाही." मोठी होईपर्यंत कसं? घंटी वाजली की माझं काळीज थांबायचं, टिचकी पडली की सुरू व्हायचं. दिवसातून कितीदा, ते मोजायचं मी सोडून दिलं.

दूध यायला लागलं नव्हतं. सिस्टर स्वतःच्या हातानं दाबून थेंब काढायच्या, चमच्याच्या बुडाला लागेल एवढाच, पिवळाधमक. माय शेजारी होती. म्हणाली, "पयलं पिवळं टाकून देत्यात ना? बाधतं."

सिस्टर म्हणाल्या, "आजी, टाकू नका. हे म्हणजे चीक."

"चीक?" माय थबकली. आमच्याकडं गाय होती. गाय व्याली की खरवसासाठी शेजारी वाट्या घेऊन यायचे, पण माय आधी वासराला पोटभर पाजायची, त्याशिवाय कुणाला थेंब द्यायची नाही. वासरू चिकावर उभं राहतं, हे तिला पक्कं ठाऊक. ती चमच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वासराचा कधी चुकवला नाय मी. अन् माझ्या तिन्ही लेकरांचा मातीत वतला." अन् पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

सिस्टरनं तो थेंब बोटानं पोरीच्या गालाच्या आत लावला. तिनं जीभ हलवली. मिलिंद काचेबाहेरून बघत होता, त्यानं मला अंगठा दाखवला, जसं काही तिनं दहावीच पास केली. त्या सिस्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्यांच्यासारखी बाई ज्या वॉर्डात असेल तिथल्या लेकरांना काही कमी पडणार नाही.

दुसरी वाट

आता मॅडम म्हणालेली दुसरी वाट, अंगाची. पोरगी जरा स्थिर झाली की तिला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी लावून. ऊब मिळते, श्वास सुधारतो, अन् आईच्या अंगावरचं ते चांगलं विरजण तिला लागतं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून सुरू करू. मी रात्रभर त्याच आनंदात. अन् सकाळी उठले ती थंडी वाजून. टाक्यांत पू झाला होता, ताप चढलेला. सिस्टर म्हणाल्या, ताप उतरेपर्यंत तुम्हाला आत नाही येता येणार.

मी जी रडले! आतापर्यंत सगळं सोसलं, पण एवढं एक मला करता येणार होतं, तेही गेलं. मिलिंद कंपनीत गेलेला, त्याला सुट्टी उरली नव्हती. घंटी तर वाजतच होती.

सिस्टर दारात उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "आजी आहेत ना? आजीच्या छातीवर ठेवू."

माय दचकून उभी राहिली. "म्या?"

"हो. आजीचं अंगही चालतं."

"मी धुऊन येते," माय म्हणाली.

तिला हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, साबणानं. ते तिनं इतकं मन लावून केलं की सिस्टर म्हणाल्या, पुरे. तर माय मागं वळून विचारते, "अन् छाती? औषधाचं पाणी द्या ना, पुसून घेते. नायतर हिला माझा वास लागंल."

सिस्टर तिच्या ब्लाउजचे हूक काढत होत्या. म्हणाल्या, "लागू द्या की. त्यासाठीच बसवतेय तुम्हाला. सकाळी आंघोळ झालीय ना? बास. आहे तशी राहू द्या."

मला माय काचेतून दिसत होती, मी बाहेर चाकाच्या खुर्चीत, अंगावर दोन ब्लँकेटं. माझ्या मायला मी जन्मात कधी अशी उघडी पाहिली नव्हती. उन्हातान्हात राबलेले खांदे तिचे, रापलेले, अन् पदराखालचं अंग मात्र लेकरासारखं मऊ, गोरटं. सिस्टरनी पोरीला तारांसकट उचललं अन् तिच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून पातळानं बांधलं. मायनं दोन्ही हात हवेतच धरले होते. "हात ठेवा, आजी, पाठीवर." तिनं ठेवले. पोरगी पूर्ण झाकून गेली, नुसती टोपी दिसत होती.

मी मशिनकडं बघत होते. आता वाजेल, आता वाजेल. नाही वाजलं. माय डोळे मिटून बसली होती, ताठ, अन् तिची छाती एका लयीत वर यायची, खाली जायची. मी काचेवर टकटक केली. तिनं एक डोळा उघडला. दार किलकिलं होतं, तिथून मी हळूच म्हणाले, "माय, झोप लागली का? अवघडलीस का?"

"बोलू नको माझ्यासंगं," माय कुजबुजली. "मी श्वास घेतला की मंग ही घेती. मी थांबले तर ही बी थांबंल. मला नीट घेऊ दे."